रंगाच्या लॉकीनं झाकलेले तीन आकडे

एका सकाळी लॉकी गिलिसला वाटलं की हेक्टर मेला. गोष्ट तिथूनच सांगायला हवी.

रोज उठलं की चहाचं पाणी ठेवण्याआधी लॉकी हेक्टरला फोन करायचा. बोलणं ठरलेलं असे. वारा कुठून सुटलाय, बोटी निघाल्या का, आणि काल संध्याकाळी कुणाची गाडी कुणाच्या दारात उभी होती. त्या दिवशी लॉकीनं नेहमीचे सात आकडे दाबले, आणि पलीकडून हेक्टरच्या खोकल्याऐवजी एका तरुण बाईचा गोड आवाज आला. हेक्टर जन्माचा ब्रह्मचारी. त्याच्या घरात सकाळच्या वेळी बाई असणार ती एक तर नर्स, नाही तर पोलीस. लॉकीनं पुढचं काही ऐकलंच नाही. रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडून, बूट उलटसुलट चढवून तो टेकडी उतरून पळाला.

हेक्टर स्वयंपाकघरात उभ्यानं लापशी खात होता.

"मेला नाहीस तू?" लॉकी दारातच धपकन बसला.

"अजून नाही. का, कुणी बोली लावली आहे का माझ्या बोटीवर?"

"तुझ्याकडे बाई कोण आहे?"

"बाई असती तर ही लापशी अशी झाली असती का? चव बघ."

मग हेक्टरनं लॉकीच्या घरी फोन लावून पाहिला, तर तीच बाई तिथेही हजर. या वेळी दोघांनी कान लावून ऐकलं. ती सांगत होती की इथून पुढे शेजारच्यालासुद्धा फोन करायचा तर आधी कोड लावा, एकूण दहा आकडे लावा. रेडिओवर हे कित्येक महिने सांगत होते, बिलाबरोबर कागदही आले होते. पण बिलाबरोबरचा कागद या रोडरिक कोव्ह गावात शेगडी पेटवायला वापरतात.

झालं असं होतं की कॅनडातल्या सगळ्या नोव्हा स्कोशिया प्रांताला आणि शेजारच्या बेटाला मिळून आजवर एकच कोड होता, नऊशे दोन. मोबाईल आले, माणशी दोन-दोन फोन झाले आणि त्या कोडातले नंबर सरत आले. तेव्हा प्रांताचे दोन तुकडे करून अर्ध्यांचा कोड बदलण्याऐवजी त्याच जमिनीवर दुसरा कोड अंथरला, सातशे ब्याऐंशी. जुन्यांचा जुना तसाच राहिला, नवा फोन घेईल त्याला बहुतेक नवा. म्हणजे तेच सात आकडे आता दोन निरनिराळ्या माणसांकडे असू शकत होते. घंटा कुणाकडे वाजवायची हे यंत्राला कळावं, म्हणून भिंतीला भिंत लागून असलेल्या घरालाही कोड लावणं भाग पडलं.

"म्हणजे चाळीस पावलांवरून मी तुला परक्यासारखा फोन करायचा," हेक्टर म्हणाला. त्याला खरंच लागलं होतं ते. "आणि तो नवा कोड दिसला ना, मी उचलणारच नाही. सगळे लुच्चे असणार. आधीच आठवड्याला मला एक जहाजाची सफर बक्षीस लागते."

"मी तर पाटीवर कोड काढणारच नाही," गावच्या पाट्या रंगवणारा लॉकी म्हणाला. " नऊशे दोन प्रत्येकाच्या बोटात आहे. रंग कशाला नासायचा?"

लॉकीचा हा शब्द गावभर झाला, आणि लॉकी दिला शब्द पाळणारा माणूस.

रोडरिक कोव्हमध्ये अर्धं गाव गिलिस आणि उरलेलं मॅकनील. त्यात लॉकी गिलिस तिघं. म्हणून रस्त्यावरचं बर्फ लोटणारा नांगर चालवतो तो बर्फाचा लॉकी, पोस्टातला तो तिकिटाचा लॉकी आणि आपला हा रंगाचा लॉकी. हेक्टरच्या बापाचं मासे खारवायचं काम होतं, म्हणून तो खारा हेक्टर. स्वभावानंही त्यानं नाव राखलं. लॉकीनं सोळाव्या वर्षी बापाच्या हातून ब्रश घेतला तो आजतागायत खाली ठेवला नव्हता. बोटींच्या नाकावरची नावं, कोऑप दुकानाची पाटी, आइस हॉकीच्या रिंकच्या भिंतीवरची संघांची नावं, कबरस्तानाच्या फाटकावरची अक्षरं, सगळी त्याच्या हातची. नवी बोट पाण्यात उतरवायची ती लॉकीनं नाव घातल्यावर, असा रिवाजच पडला होता. शिकाऊ होता तेव्हा पाटीवर चार आकडे काढले की गावाला पुरत. पुढे सात काढावे लागले. तेव्हाही तो कुरकुरला होता, पण काढले. आता दहा म्हणजे त्याला अति वाटत होतं.

त्याची बायको कॅसी गेली तेव्हा एकुलती एक लेक, एफी, अल्बर्टात तेलाच्या छावणीत वेल्डर होती. या किनाऱ्यावरची निम्मी तरुण पोरं पश्चिमेला जातात, तशी तीही गेली होती. आईच्या मातीला आली, आठ दिवस राहिली आणि कामावरचा खाडा वाढू नये म्हणून परतली. त्यानंतर लॉकी त्या घरात एकटा. पोरीनं परत यावं एवढंच त्याला हवं होतं. पण तसं तो कधी बोलला नाही. या किनाऱ्यावर माणूस कुठलीही गोष्ट एकदाच विचारतो. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे हात पसरणं, असं आईच्या दुधाबरोबर शिकवतात. या एका खोडीपायी किती लग्नं मोडली आणि किती भाऊ अबोल्यात मेले याचा हिशेब फक्त फादरना ठाऊक असेल, आणि तेही एकदाच विचारतात.

मग तेलाचे भाव कोसळले. छावण्या रिकाम्या झाल्या आणि मार्चमध्ये, अंगणात अजून बर्फ असताना, एक पांढरी व्हॅन दारात येऊन थांबली. मागे वेल्डिंगचं सगळं सामान. लॉकी खिडकीत उभा होता. हातातला कप त्यानं कुठे ठेवला हे त्याला नंतर सापडेना. दार उघडून तो नुसताच बघत राहिला.

"डॅड, आत घेणार आहेस का? थंडीनं कान गळून पडतायत."

"किती दिवस आहेस?"

"मिळालं काम तर कायमची. बोटी आहेत, ट्रेलर आहेत, काहीतरी मोडतच असेल की इथे."

"मोडतं तर," लॉकी म्हणाला. "इथे सगळं मोडतंच."

तिचा अल्बर्टाचा नंबर इथल्या लोकांना लांबचा पडला असता, म्हणून तिनं याच किनाऱ्यावरच्या सिडनी शहरात जाऊन नवा घेतला. गाडीवर घालायला म्हणून तिनं तो कागदावर लिहून आणला. लॉकीनं गॅरेजात गाडी घेतली होती, दारं घासून तयार होती, शेंदरी डबा उघडला होता. त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला.

"हे पहिले तीन काय?"

"कोड. नवा आहे. जुन्यातला द्या म्हटलं, तर दुकानातली पोरगी हसली. म्हणाली, जुना हवा तर कुणी मरायची वाट बघा."

"हा परक्यांचा कोड आहे."

"मग झाले असेन मी परकी. पंधरा वर्षं होते की बाहेर."

ती हसत म्हणाली, पण लॉकीला ते झोंबलं. त्यानं रंगानं भरलेला अंगठा त्या तीन आकड्यांवर ठेवला. तीन आकडे दिसेनासे झाले.

"हेक्टरच्या दारात जाऊन तू आडनाव सांगशील? तू लॉकी आणि कॅसीची एफी. तुला कोड लागत नाही."

एफी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिनं बोलायला हवं होतं. यंत्र नाती बघत नाही, आकडे बघतं, हे तिला लॉकीपेक्षा जास्त कळत होतं. पण पंधरा वर्षांत तिला घरचं असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं नाक ओढलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

"घाल मग तसंच," ती म्हणाली.

लॉकीनं आयुष्यात काढलेली सगळ्यात देखणी पाटी ती. 'एफी गिलिस, वेल्डिंग', खाली सात आकडे, आणि प्रत्येक अक्षराला निळी सावली. कोऑपच्या फळ्यावर लावायला त्यानं तसंच एक कार्डही हातानं काढून दिलं. रीटा काउंटरवर होती. ती कार्ड घेऊन म्हणाली, "बरं झालं बाई, आता सिडनीला जायला नको." दोघं खूश होऊन घरी आली.

आणि त्यानंतर फोन वाजलाच नाही.

पहिला आठवडा लॉकी म्हणाला, बर्फ आहे. दुसरा गेला तेव्हा म्हणाला, ईस्टर आहे. मग लॉब्स्टरचा हंगाम तोंडावर आला, धक्क्यावर हातोड्यांचे आवाज सुरू झाले, सगळा गाव काहीतरी ठोकत होता, बांधत होता, आणि एफी स्वयंपाकघरात टेबलावर फोन ठेवून बसलेली. फोन बिघडलाय म्हणावं तर अल्बर्टातल्या मैत्रिणीचा नीट लागत होता. शेवटी ती स्वतःच व्हॅन घेऊन धक्क्यावर गेली. माणसं बोलली. हवेबद्दल बोलली. पण बोलताना बुटांकडे बघत होती. कोऑपमध्ये ती शिरली की बायकांचं बोलणं थांबायचं, आणि रीटा पिशवी भरताना अंडी जरा जोरात ठेवायची.

लॉकीलाही काहीतरी बिनसल्याचं जाणवत होतं. हेक्टरबरोबरचा सकाळचा फोन आखडत चालला. गाड्यांच्या बातम्या गेल्या, मग बोटी गेल्या, नुसता वारा उरला. एक दिवस वारा सांगून झाल्यावर हेक्टर म्हणाला, "पोरगी फार कामात दिसते."

लॉकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीला महिनाभर एक खिळा जोडायचं काम नाही, आणि हा टोमणा मारतोय. त्यानं रिसीव्हर आपटला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला नाही. हेक्टरनंही केला नाही. पन्नास वर्षांचा परिपाठ एका वाक्यावर बंद पडला, आणि दोघांपैकी एकानंही विचारलं नाही की बाबा रे, तुला म्हणायचं काय होतं.

मे महिन्यात रिंकचं मोठं लोखंडी दार सिडनीहून जोडून आणलं. एफीनं ते येता-जाता पाहिलं. घरी आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली.

"डॅड, इतका घाणेरडा सांधा मी शिकत असतानाही केला नाही. मला सांगितलं असतं तर फुकट केलं असतं रे मी." मग जरा वेळानं, "मी काय केलंय यांचं?"

"काही नाही केलंस."

"हेक्टरकाकाला मी फोन केला होता, धक्क्यावरून त्याच्या मोबाईलचा नंबर घेऊन. एकदा. म्हटलं, स्वतःहून विचारावं. उचललाच नाही त्यानं."

लॉकी सुन्न झाला. त्याच हेक्टरचं बोट धरून ही पोर चालायला शिकली होती. गाव असं वागू शकतं हे त्याला सत्तरीत कळलं, आणि त्या दिवसापासून त्याची भूकच गेली. धक्क्याकडची वाट त्यानं सोडली. माणसाला मार बाहेरून बसला तर तो ओरडतो, घरच्यांकडून बसला की त्याचा आवाजच जातो.

जूनमध्ये एफीला पुन्हा पश्चिमेकडून, सस्कॅचवानमधून, पाइपलाइनच्या कामाचं बोलावणं आलं. तिनं होकार कळवला आणि मग बापाला सांगितलं.

"जायलाच हवं का?" लॉकीनं विचारलं.

"इथे राहून काय करू? दार बघू रिंकचं?"

त्यानं एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. निघायच्या सकाळी त्यानं ओटच्या बिस्किटांचा डबा तिच्या शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला, रंग धरलाय का बघतो तसा. रंग उत्तम धरला होता. व्हॅन टेकडीआड गेली तरी तो अंगणात उभा होता.

आत फोन वाजत होता म्हणून तो घरात गेला. खाडीपलीकडच्या मिसेस प्रिंगल होत्या, उन्हाळ्यापुरत्या ओंटारिओहून येणाऱ्या. घराच्या नावाच्या पाटीचा रंग मिठानं खाल्लाय, येता का म्हणाल्या. घरात बसून भिंती खायला उठल्या असत्या. लॉकीनं डबे गाडीत टाकले.

पाटी उतरवून तो व्हरांड्यात घासायला बसला, तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या.

"लॉकी, तुमच्या गावात एफी कोण हो?"

त्याचा हात थांबला. "का?"

"ती माझ्या यंत्रात राहते."

बाई निवांत सांगू लागल्या. हिवाळ्यात घर बंद असलं तरी त्या फोन चालू ठेवत, शेजारी निरोप घेणारं यंत्र; त्यावर कुणाचं नाव नाही, नुसती शिट्टी वाजे. ओंटारिओहून मधूनमधून स्वतःच्याच घरी फोन करत. यंत्रानं उचललं तर घरात वीज आहे, नळ गोठले नाहीत. मेपासून यंत्र उचलेनासं झालं. वीज गेली, पाइप फुटले, घराचं तळं झालं अशी त्यांची खात्री पटली. काल येऊन बघतात तर घर कोरडं ठणठणीत. यंत्रच निरोपांनी काठोकाठ भरलेलं.

"आणि एकही माझ्यासाठी नाही," त्या म्हणाल्या आणि आत नेऊन त्यांनी बटण दाबलं.

"एफी, हेक्टर बोलतोय. खारा. तू आलीस ते झकास केलंस, तुझा बाप माणसात आलाय. ऐक, माझ्या बोटीवरचा पिंजरे ओढायचा खांब तडकलाय. हंगामाआधी करून दे. घाई नाही. म्हणजे आहे."

लॉकीनं खुर्चीची पाठ धरली. पुढचा आवाज रिंकच्या मॅनेजरचा. "एफी, मोठं दार बिजागरीतून निसटलंय, पोरांच्या अंगावर पडायच्या आत ये." मग फादरांची स्वयंपाकीण. "चर्चचा कठडा हलतोय. फादर म्हणतात, पडून संत व्हायची त्यांची तयारी नाही." मग बर्फाचा लॉकी, नांगराचं पातं घेऊन. मग रीटा. "कार्ड मी अगदी वर लावलंय गं, औषधांच्या जाहिरातीच्याही वर. आणि आमच्या ट्रकचा ट्रेलर ओढायचा हूक बघशील का?" मग आणखी. अख्खा गाव त्या खोक्यातून बोलत होता. प्रत्येकानं एकदाच. कुणी फोन नंबर ठेवला होता तोही फक्त शेवटचे चार आकडे, घरच्या माणसाला सांगतात तसा.

यंत्र खट करून थांबलं. तीन महिने पोरीनं ज्यांच्या वाटेकडे डोळे लावले ती सगळी माणसं इथे, रिकाम्या घरात, तिला हाका मारत होती. आणि उत्तर येत नाही म्हणून तिकडे एकेक जण मनातून उतरवत गेला होता तिला. पोरगी फार कामात दिसते. तो टोमणा नव्हता. हेक्टर रुसला होता.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"मला काय विचारता?"

"थांबा. तिलाच विचारतो." घरात दोघं एकाच छपराखाली, त्यामुळे लॉकीवर तिला फोन करायची वेळ कधी आलीच नव्हती. पण आकडे त्याच्या हातचेच. त्यानं भराभर दाबले. लाइन व्यस्त. त्यानं पुन्हा दाबले. व्यस्त.

"बोलतेय कुणाशी तरी," तो म्हणाला.

बाई चष्मा सावरून जवळ आल्या. "कुठला नंबर लावलात, मोठ्यानं सांगा बघू."

लॉकीनं सांगितलं. नऊशे दोन, आणि पुढचे सात. मिसेस प्रिंगलनी फोन उचलून उलटा केला. तळाला चिकटवलेल्या कागदावर तेच दहा आकडे होते, त्याच क्रमानं.

"लॉकी, तुम्ही मला फोन करताय. माझ्याच फोनवरून."

नऊशे दोन लावायचं त्यानं ठरवलं नव्हतं. बोटानं परस्पर लावलं होतं. पोरीचा कोड दुसरा आहे हे अख्ख्या गावात ज्या दोन माणसांना पक्कं ठाऊक होतं त्यांतला एक तो, आणि त्याच्याही बोटानं तेच केलं. मग गावाला कसला दोष द्यायचा? गाडीवर सात आकडे दिसले, प्रत्येकानं आपल्या घरचा कोड पुढे जोडला आणि तिला घरची समजूनच या बंद घरी फोन केला. लॉकीनं स्वतःचा अंगठा पाहिला.

"खरा कोड काय तिचा?" बाईंनी विचारलं. "नवाच असेल ना? सातशे ब्याऐंशी. माझं गवत कापणाऱ्याचाही तोच आहे."

लॉकीला बटणं दिसत नव्हती. त्यांनीच लावून दिला.

"डॅड?" एफीच्या आवाजामागे वाऱ्याचा घोंगाट होता. "बरा आहेस ना तू?"

"कुठे आहेस?"

"कॅन्सोच्या बांधावर. पूल उघडलाय जहाजासाठी, सगळे अडकलोय. काय झालं?"

"बोलू नकोस. ऐक नुसतं."

त्यानं रिसीव्हर यंत्राला टेकवला आणि बाईंनी बटण दाबलं. सगळे निरोप पुन्हा वाजले, हेक्टरपासून शेवटपर्यंत. लॉकी ओणवा होऊन तसाच उभा राहिला. यंत्र थांबल्यावर त्यानं रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे नुसता वारा.

"एफी?"

"कधीचं आहे हे?"

"एप्रिलपासूनचं. तुझे सात आकडे आणि या बाईंचे सात आकडे एकच आहेत. कोड तेवढा वेगळा. तो मी घातला नाही."

"मीही तो घाल म्हटलं नाही." तिचा आवाज चिरकला. "हेक्टरकाकानं विचारलं होतं, डॅड. सगळ्यात आधी. आणि मी तीन महिने त्याला शिव्या देतेय."

"तोही तुला देत असेल."

ती रडत होती की हसत होती ते वाऱ्यात कळेना. मागे हॉर्न वाजू लागले. समुद्रावरच्या त्या बांधातला पूल परत जुळत होता, मुख्य भूमीकडे गाड्या सुटणार होत्या. त्यानं एकदा विचारून झालं होतं. सत्तर वर्षं पाळलेली रीत आडवी येत होती.

"राहतेस का?" त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

तिनं व्हॅनची काच वर केली, वाऱ्याचा आवाज थांबला. मग म्हणाली, "तुला मी हवीच आहे रे. पण ही माणसं आता तीन महिने रुसलेली आहेत. बांध ओलांडून पंपावर थांबते आणि हेक्टरकाकाला फोन करते. उचलला तर वळते. नाही उचलला तर मात्र मला थांबवू नकोस."

फोन ठेवताक्षणी लॉकीला आठवलं. हेक्टर उचलणार नव्हता. परका कोड बघून तो कधीच उचलत नव्हता, एफीचा मागचा फोनही त्यानं म्हणूनच उचलला नव्हता. आता कुठे लॉकीच्या ते ध्यानात आलं. हेक्टरला आधी सांगावं म्हणून त्यानं त्याच्या घरी फोन लावला. कुणी घेईना. हेक्टर धक्क्यावर असणार, आणि त्याच्या मोबाईलचा नंबर लॉकीनं कधी घेतलाच नव्हता.

"चला," मिसेस प्रिंगल म्हणाल्या. त्यांनी आधीच किल्ल्या उचलल्या होत्या. ओंटारिओच्या बाईनं त्या दिवशी खाडीचा रस्ता असा मारला की लॉकी दोन्ही हातांनी सीट धरून बसला होता.

धक्क्यावर पिंजऱ्यांची उतरणी चालली होती. लॉकीला येताना पाहून सगळ्यांनी पाठी फिरवल्या. हेक्टर बोटीवर उभा होता, आणि त्याच्या पिवळ्या रबरी डगल्यात फोन वाजत होता. त्यानं ओल्या हातानं तो काढला, लांब धरून आकडे पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"उचल," लॉकी काठावरून म्हणाला. धावल्यानं त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

हेक्टरनं कित्येक आठवड्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुला काय ठाऊक कोण आहे ते? सातशे ब्याऐंशी आहे. लुच्चे असतात हे."

"घरचा नंबर आहे, हेक्टर. उचल."

लॉकीच्या तोंडाकडे बघून हेक्टरनं आणखी काही विचारलं नाही. त्यानं बटण दाबून फोन कानाला लावला. धक्क्यावरची माणसं हातातलं काम टाकून बघू लागली. त्याच्या मागे पिंजरे ओढायचा तडकलेला खांब होता, वरपासून खालपर्यंत निळ्या दोरीनं आवळलेला, दोरीवर दोरी, जागोजागी झिजलेली. त्या खांबावर त्यानं सगळा हंगाम काढला होता.

"कोण?" हेक्टर म्हणाला. "कोण, एफी?"

मग तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला, आणि तो खाली क्रेटवर बसला. त्यानं लॉकीकडे पाहिलं, मग मिसेस प्रिंगलकडे, मग पुन्हा लॉकीकडे. शेवटी त्यानं सगळ्यांकडे पाठ केली, पण आवाज लपवता आला नाही.

"नाही गं. सिडनीला नाही नेला. दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही. तूच करणार होतीस ना, म्हणून बांधून ठेवलाय." तो थांबला, बाहीनं नाक पुसलं. "बांध ओलांडलास? मग परत ओलांड. तू येईस्तोवर बोट इथून हलत नाही."